सप्रेम भेटीचं पान

मागच्या अंकात लेखकांनी एकमेकांना लिहून दिलेल्या पहिल्या आवृत्त्यांवर आम्ही दोन पानं दिली होती. त्यावर देवगडपासून अलिबागपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत. मृग जवळ आला आहे, म्हणून एक सुचवतो: घरात अशी पुस्तकं असतील तर आधी मालवणच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा, बाकीचं मागाहून वाचलं तरी चालेल.

आजोबांच्या ट्रंकेत एक कवितासंग्रह सापडला. आत शाईने ‘सप्रेम भेट’ आणि कवीची सही आहे. तारीख नाही. ही पहिली आवृत्ती आहे का, आणि सहीला कितपत महत्त्व द्यावं? (वाचक, देवगड)

आधी आवृत्ती ठरवू. शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. तिथे ‘प्रथमावृत्ती’ आणि वर्ष असेल. जुन्या पुस्तकांत शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९, म्हणजे इसवी सन मिळेल. खाली दुसऱ्या आवृत्तीची किंवा पुनर्मुद्रणाची ओळ नसेल तर निम्मं काम झालं. निम्मंच म्हणतो, कारण काही पुनर्मुद्रणांतही फक्त पहिल्या आवृत्तीचं वर्ष छापलेलं सापडतं.

उरलेलं निम्मं काम किंमत, पत्ता आणि मलपृष्ठ करून देतात. किंमत ‘२-८’ (दोन रुपये आठ आणे) किंवा ‘२॥ रुपये’ अशी असेल तर ती आण्यांच्या काळातली, म्हणजे साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची. उभ्या रेघा वाचायची सवय आता मोडली आहे, म्हणून सांगतो: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘नवे पैसे’ छापलेले असतील तर पुस्तक १९५७ ते १९६४ यांमधलं धरा, कारण १ जून १९६४ पासून त्यातलं ‘नवे’ गेलं. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘मुंबई ४’ आहे की ‘मुंबई ४०० ००४’? सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. शेवटी मलपृष्ठावरची ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ ही यादी. आरती प्रभूंचा ‘जोगवा’ १९५९ चा आणि ‘दिवेलागण’ १९६२ चा. ‘जोगवा’च्या ज्या प्रतीवर ‘दिवेलागण’ची जाहिरात आहे, ती आतलं पान काहीही म्हणो, १९५९ साली बांधलेली नाही. वेष्टन, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी आवरण, मात्र वेगळं तपासा. पहिल्या आवृत्तीला नंतरचं वेष्टन चढवलेलं असू शकतं. आतल्या पानावरची किंमत आणि वेष्टनावरची किंमत जुळली पाहिजे.

आता सही. ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का किंवा अक्षरं असतील तर ती परीक्षणासाठी गेलेली प्रत. तिच्यात मैत्री शोधू नका, ओळखसुद्धा नसेल. नुसती सही आणि तारीख म्हणजे बहुधा समारंभात किंवा प्रदर्शनात घेतलेली स्वाक्षरी. घेणाऱ्याचं नाव असलेली प्रत त्याहून वर. आणि ते नाव दुसऱ्या लेखकाचं, संपादकाचं किंवा मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचं असेल तर मग आपल्या विषयाची खरी सुरुवात. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात अशा प्रतीला ‘असोसिएशन कॉपी’ म्हणतात. मराठीत ‘स्नेहप्रत’ म्हणायला हरकत नसावी. तुमच्या प्रतीवर घेणाऱ्याचं नावच नाही, म्हणून ती आज स्वाक्षरीच्या पायरीवर आहे. आजोबांचे लेखकाशी संबंध असल्याचं एखादं पत्र किंवा फोटो त्याच ट्रंकेत सापडला तर ती पायरी बदलेल. ट्रंक रिकामी करताना तळाच्या कागदासकट सगळं जपून ठेवा.

वेष्टनाशिवाय मिळालेल्या एका कथासंग्रहावर ‘प्रिय भाऊस’ असं लिहिलं आहे, खाली प्रसिद्ध लेखकाची सही. हा भाऊ कोण, हे कसं शोधायचं? (वाचक, वेंगुर्ले)

कोकणात घरटी एक भाऊ, एक अण्णा आणि एक नाना असतो. म्हणून नावावरून उडी मारू नका. क्रम असा ठेवा.

पहिली गोष्ट गाव आणि तारीख. लेखक त्या दिवशी त्या गावी असणं शक्य होतं का? वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, नंतर कोल्हापूरला गेले. १९३२ ची ‘शिरोडे’ अशी नोंद ओघाने येते. १९५० ची असेल तर ते तेव्हा तिथे का होते याचं उत्तर मिळायला हवं. दुसरी गोष्ट त्याच पुस्तकाचा ऋणनिर्देश आणि प्रस्तावना. हस्तलिखित वाचणारा, छपाईची मुद्रितं तपासणारा मित्र तिथे बहुतेक वेळा पूर्ण नावाने येतो आणि भेटीच्या पानावर घरगुती नावाने. तिसरी गोष्ट, ज्या गठ्ठ्यातून पुस्तक आलं त्यातली बाकीची पुस्तकं. त्यांच्यावर मालकाचं नाव, ग्रंथालयाची पावती, पोस्टाचं वेष्टन असं काही असतं, आणि रद्दीवाल्याने गठ्ठा फोडला की हा पुरावा कायमचा जातो. शक्य असेल तर आपल्याला नको असलेली चार पुस्तकंही त्याच गठ्ठ्यातून घ्या. चौथी गोष्ट समासातल्या पेन्सिलच्या खुणा. घेणाऱ्याचं अक्षर जुळलं तर ओळख पटतेच, शिवाय मित्राने कुठे रेघ मारली, कुठे प्रश्नचिन्ह टाकलं हेही कळतं. त्या खुणा खोडरबराने पुसू नका. लेखकाच्या सहीइतकीच त्यांची किंमत आहे.

मग मजकूर वाचा. मराठीत दोन माणसांमधलं अंतर सर्वनामात दिसतं. ‘आपणांस सादर’ हे वडीलधाऱ्याला किंवा समीक्षकाला. ‘तुम्हांला सस्नेह’ हे बरोबरीच्या माणसाला. ‘तुला’ म्हणणारे थोडे असतात आणि ते शोधणं सोपं असतं. ‘ती.’ हे घरच्या थोरांना, ‘चि.’ धाकट्याला किंवा शिष्याला. सही पूर्ण नावाची आहे, आडनावाशिवाय आहे की फक्त घरात चालणाऱ्या हाकेची, तेही पाहा. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर कुठलं नाव खाली आहे हेच आधी बघावं. कविता आरती प्रभू या नावाने आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने लिहिणाऱ्या माणसाने कवितासंग्रहावर कुणासाठी कुठली सही केली, हा अभ्यासाचा विषय आहे.

आमचं आग्रहाचं सांगणं असं, की सुट्या प्रती जमवण्यापेक्षा एक जोडी धरा. दोन लेखक निवडा आणि त्यांनी एकमेकांना दिलेली पुस्तकं दहा-वीस वर्षांच्या पट्ट्यात शोधा. पहिल्या पुस्तकावर ‘सादर’, तिसऱ्यावर ‘सप्रेम’, पाचव्यावर नुसतं एकेरी नाव. किंवा उलट, मधली दोन पुस्तकं दिलेलीच नाहीत आणि नंतर पुन्हा एकदम लांबलचक मजकूर. अशी रांग लागली की जे चरित्रातही नसतं ते समोर येतं. सुरुवातीला ज्यांची मैत्री सर्वश्रुत आहे अशांपासून लागा. देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर, वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर आणि त्यांच्याबरोबर काव्यवाचनाला गावोगाव फिरलेले वसंत बापट ही त्रयी घ्या. करंदीकरांचा ‘स्वेदगंगा’ १९४९ चा, पाडगावकरांचा ‘धारानृत्य’ १९५० चा. एकाची पहिली प्रत दुसऱ्याच्या नावाने निघाली, तर ती कधी दिली आणि तेव्हा ओळख किती जुनी होती, हे तपासण्यासारखं आहे.

भाऊ सापडलाच नाही तर? नोंदवहीत तीनच शब्द वापरा: पक्कं, संभाव्य, अंदाज. अंदाजाचं पक्कं कधी करायचं, तर दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्यावर. विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत हा पुरावा नाही.

छापील अर्पणपत्रिका असलेली पहिली आवृत्तीही मैत्री सांगतेच की. मग हाताने लिहिलेल्या ओळीचं एवढं काय? (वाचक, रत्नागिरी)

छापील अर्पणपत्रिका सगळ्या हजार प्रतींत असते, हाताची ओळ एका प्रतीत. शिवाय हाताची ओळ कधी कधी आधी येते. इंग्रजी कवी टी. एस. एलियट यांनी आपल्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेच्या १९२२ च्या आवृत्तीची प्रत कविमित्र एझ्रा पाउंड यांना देताना जानेवारी १९२३ मध्ये त्यांना ‘अधिक चांगला कारागीर’ म्हणणारे दोन इटालियन शब्द लिहिले. तेच शब्द १९२५ च्या कवितासंग्रहात छापील अर्पण म्हणून आले. आज सगळे वाचतात ती अर्पणपत्रिका आधी एका प्रतीवरची शाई होती.

आपल्याकडे मैत्री आणखी एका जागी दिसते, ती म्हणजे प्रकाशकाच्या नावात. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली खांडेकरांनी पदरचे पैसे घालून प्रसिद्ध केली आणि प्रस्तावनाही लिहिली. ती पहिली आवृत्ती सहीशिवायसुद्धा स्नेहाची साक्ष आहे. सही नाही म्हणून ती नाकारू नका.

ओळखीच्या विक्रेत्याकडे केशवसुतांच्या सहीचं ‘केशवसुतांची कविता’ आहे म्हणे. घ्यावं का? एकूणच खोटी सही कशी ओळखावी? (वाचक, अलिबाग)

घेऊ नका. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक त्यांच्या पश्चात हरिभाऊ आपट्यांनी काढलं. त्या पुस्तकावर कवीची सही असूच शकत नाही. हरिभाऊंनी कुणाला दिलेली प्रत असेल तर ती मात्र फार मोलाची, आणि ती मैत्रीचीच.

खोटेपणा शोधताना बहुतेक लोक आधी अक्षराकडे बघतात. आम्ही अक्षर शेवटी बघतो, कारण तिथे मत चालतं. तारखांपाशी मत चालत नाही.

तारखा: लेखक हयात होता का, पुस्तक त्या दिवसाआधी बाहेर आलं होतं का? ‘नक्षत्रांचे देणे’ १९७५ चं आणि खानोलकर २६ एप्रिल १९७६ ला गेले. म्हणजे त्या पुस्तकावर खरी सही होण्याची मुदत जेमतेम वर्ष-दीड वर्षाची. पत्ता दिला असेल तर जिल्हा वाचा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी वेंगुर्ले, मालवण, देवगड, कुडाळ हे सगळं ‘जि. रत्नागिरी’. १९६४ च्या तारखेखाली ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिलेलं पान लगेच मिटा. तुमच्याकडचा रायगडही १९८१ पर्यंत कुलाबा होता.

कागद: ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत पान तपासा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं साधारण १९५० नंतरच्या कागदात सापडतात आणि या प्रकाशात निळसर चमकतात. १९३५ चं पुस्तक, आतली सगळी पानं मंद, आणि सहीचं एकच पान चमकतंय, याचा अर्थ ते पान नंतर घातलेलं आहे. पान कुठे चिकटवलंय ते शिवणीजवळ बोटाने चाचपून कळतं, कडेला जराशी जाड धार लागते.

शाई: दहापट भिंग पुरेसं आहे. १९३८ च्या सहीत बॉलपेनची रेघ, म्हणजे वळणावर शाईचा ठिपका दिसला तर विषय संपला; बॉलपेन बाजारात आलं ते १९४५ च्या सुमारास. जुनी निळी-काळी शाई लोहाची असते. ती कागदात मुरते, वर्षांनी तपकिरी होते आणि पुस्तक मिटलेलं राहिलं तर समोरच्या पानावर तिची उलटी, फिकट पिवळट सावली पडते. ही सावली बनवणं फार अवघड. उलट जुन्या कागदावर आज लिहिलं तर शाई फुटते, कारण कागदावरची खळ इतक्या वर्षांत गेलेली असते. अक्षरांच्या कडांना केसांसारखे धागे फुटलेले दिसतात.

कोकणातल्या पुस्तकांत याहून चांगली खूण पानं पोखरणाऱ्या कसरीने करून ठेवलेली असते. रेघ जिथे छिद्रावरून जाते तिथे भिंग धरा. रेघ आधीची असेल तर छिद्राने ती स्वच्छ कापलेली दिसते, दोन्ही काठांवर शाई सारख्याच रंगाची. रेघ नंतरची असेल तर छिद्राच्या काठावर शाई साचून दाट झालेली असते, आतल्या कडेलाही लागलेली असते, आणि खालच्या पानावर छिद्राच्या आकाराचा ठिपका उमटतो. काही वेळा तर लिहिणाऱ्याने छिद्र चुकवून अक्षर जरा वाकडं काढलेलं दिसतं. कसर लागून गेल्यावर कुणी लिहिलं, याचा याहून सरळ पुरावा नाही.

आणि आता अक्षर. त्याच दशकातला खात्रीचा नमुना शेजारी ठेवा. तरुणपणाची सही म्हातारपणाच्या सहीशी ताडू नका. शिरोरेषा अक्षरागणिक की शब्द संपल्यावर, वेलांटी कुठून सुरू होते, ल आणि श जुन्या वळणाचे की नव्या, र आणि स यांच्या शेपट्या कुठे थांबतात ते बघा. खोटं अक्षर सावकाश काढलेलं असतं, म्हणून रेघेची जाडी सारखी राहते आणि मधेच हात उचललेला दिसतो. जुन्या पिढीतल्या काहींची सही मोडी वळणाची असते, ती वाचता येत नाही म्हणून संशय घेऊ नका. शब्दांच्या डोक्यावरचे अनुस्वारही पाहा. ‘माझें’, ‘कांहीं’ असं लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर हळूहळू गेलं. पण जुन्या माणसांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही, त्यामुळे ही खूण नुसती जोडीला ठेवा.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते. सहीची पुस्तकं कशी ठेवू? (वाचक, मालवण)

हवेतली आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती ८५ च्या पुढेच असते. कागदाला ४५ ते ५५ मानवतं. संपूर्ण खोली तेवढी कोरडी ठेवणं खर्चिक, म्हणून फक्त निवडक पुस्तकांसाठी एक पेटी करा. रबरी कडेचं, घट्ट झाकणाचं ३० लिटरचं प्लॅस्टिकचं खोकं, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे २५० ग्रॅम केशरी दाणे कापडी पिशव्यांत आणि एक छोटा आर्द्रतामापक, जो बाहेरून दिसेल असा. केशरी दाणे हिरवे झाले की ते कढईत किंवा ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. हवाबंद डब्यात थंड करून मगच पेटीत ठेवा. मापक ४० च्या खाली गेला तर एक पिशवी काढा. फार कोरडं झालं की पुठ्ठे वाकतात आणि जुनी पानं दुमडताना तुटतात.

इथे एक चूक हमखास होते. पेटी मे महिन्याच्या शेवटी, घामट हवेत भरली जाते. तेव्हा कागदाने स्वतःच ओल धरलेली असते आणि ती आत कोंडली जाते. जेल आठवड्यात थकतं आणि बंद पेटीतच बुरशी येते. पेटी भरायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, सकाळी दहा-अकराच्या कोरड्या हवेत. यंदा ते जमलं नसेल तर पुस्तकं आधी दोन दिवस वातानुकूलित खोलीत उभी, पानं जराशी पंख्यासारखी उघडून ठेवा, आणि पहिल्या पंधरवड्यात जेल दर तीन दिवसांनी बदला.

कपाटात दिवा लावून ठेवायची पद्धत पुस्तकांना लागू करू नका. वीज गेली की कपाट गार होतं आणि ओल पुन्हा कागदावर बसते. आपल्याकडे पावसाळ्यात हे दिवसातून चारदा होईल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, तळ जमिनीपासून वीतभर वर. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. वेखंडाचे तुकडे मलमलीत बांधून कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, त्याचे डाग पडतात.

कसरीची अळी आत असेल तर पुस्तक दुहेरी पॉलिथीन पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाईत उघडली तर दव थेट सहीवर बसतं. चामड्याच्या बांधणीला हा उपाय नको.

जुलै २०२१ च्या पुरात आमची पुस्तकं भिजली. वाळवून ठेवली, पण चिखल तसाच आहे आणि एका पुस्तकावरची भेटीची ओळ जवळपास गेली आहे. काही करता येईल? (वाचक, चिपळूण)

वाळलेला चिखल ओल्या फडक्याने पुसू नका, तो तंतूंत आणखी शिरेल. अंगणात, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ रुंद कुंचल्याने शिवणीकडून बाहेर झटका. चिकटलेली गुळगुळीत पानं ओढू नका.

गेलेली ओळ वाचण्याच्या दोन वाटा. शाई लोहाची असेल तर अतिनील प्रकाशात तिच्या जागा काळसर दिसतात. मोबाइल स्टँडवर लावून फोटो घ्या. धुता येणारी निळी शाई असेल तर रंग गेलेलाच असतो, पण टाकाच्या निबने पाडलेली चर उरते. अंधारात टॉर्च पानाला समांतर, एका कडेने धरा आणि दिशा बदलत चार फोटो काढा. दाब देऊन लिहिणाऱ्यांची अक्षरं अशी उठून दिसतात. ओळ पुन्हा गडद करणारी रसायनं वापरू नका आणि वरून गिरवणं तर मुळीच नको. गिरवलेली सही आणि खोटी सही यांत पुढच्या माणसाला फरक करता येणार नाही.

पुन्हा पाणी आलंच तर हातात साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी. सहीची पुस्तकं पाण्याखाली धरून धुऊ नका. उभी करून निथळू द्या, सहीच्या पानाच्या दोन्ही बाजूंना न छापलेला कोरा न्यूजप्रिंट घाला, घासू नका, नुसता दाबा, आणि दर दोन तासांनी बदला. पंखा खोलीत फिरता, पुस्तकावर थेट नाही. ऊन नाही, इस्त्री नाही. एकदम जास्त पुस्तकं असतील तर पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि मग एकेक करून वाळवा. गोठवल्याने वेळ मिळतो. गावात बर्फाचं किंवा मासळीचं शीतगृह कुणाचं आहे ते आत्ताच विचारून ठेवा.

पाठ निखळलेलं पुस्तक बाइंडरकडे दिलं तर चालेल ना? (वाचक, गुहागर)

चालेल, पण चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या आणि तोंडीही सांगा. कटिंग नको: कडा सारख्या करताना वरच्या कोपऱ्यातली तारीख जाते. पहिली आणि शेवटची कोरी पानं काढू नका: सही तिथेच असते आणि बाइंडर ती फाटकी म्हणून फेकतो. खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) नको: कीड लागू नये म्हणून ते घालतात, पण तांब्याने कागद वर्षांनी करपतो. आणि मूळ मुखपृष्ठ आत बांधायचं. जमत नाही म्हणाला तर पुस्तक परत आणा, दोन पुठ्ठ्यांत ठेवून सुती फितीने बांधा. स्टेपलच्या पिनांची पातळ पुस्तकं आपल्या हवेत हमखास गंजतात. पिना मागून सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घ्या. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचं नाव काढू नका.

रद्दीत मिळालेल्या सहीच्या पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे. ठेवू का? (वाचक, सावंतवाडी)

‘निर्लेखित’ किंवा ‘बाद’ असा शिक्का नसेल तर आधी दाखल क्रमांक घेऊन त्या ग्रंथालयाला विचारा. पुस्तक चुकून बाहेर गेलेलं असेल तर ते त्यांचं आहे, परत करा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. अशा जुन्या संस्थांत लेखकांनी स्वतः दिलेली पुस्तकं असणं स्वाभाविक आहे आणि कधी कधी ग्रंथपालांनाही ती कपाटात कुठे आहेत ते ठाऊक नसतं. परत करताना भेटीच्या पानाकडे लक्ष वेधा, म्हणजे ते पुन्हा देवघेवीत जाणार नाही. ग्रंथालयाने रीतसर बाद केलेलं असेल तर खुशाल ठेवा, शिक्का मात्र खोडू नका. पुस्तक कुठून आलं ते शिक्क्यावरूनच कळतं.

पुस्तकात एक पोस्टकार्ड सापडलं, लेखकानेच मित्राला लिहिलेलं. ते तिथेच ठेवू का? आणि त्याचा फोटो सगळ्यांना दाखवायला हरकत नाही ना? (वाचक, दापोली)

तिथे ठेवू नका. कार्डाच्या आम्लाने समोरच्या पानावर तपकिरी चौकोन उमटतो, तो आधीच उमटला असेल. कोणत्या दोन पानांमध्ये होतं त्यांचे क्रमांक आणि काढल्याची तारीख वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, कार्ड पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला आणि पुस्तकाशेजारीच ठेवा. तपकिरी चौकोन पुसायचा प्रयत्न करू नका. कार्ड किती वर्षं त्या पानात होतं, याची ती खूण आहे. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख भिंगाखाली वाचून भेटीच्या तारखेशी ताडा.

कार्ड तुमचं आहे, त्यावरचा मजकूर नाही. मजकुराचा हक्क लेखकाकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे असतो, म्हणून छापण्याआधी त्यांना पत्र लिहा आणि फोटोची एक प्रत सोबत जोडा. कार्डात तिसऱ्या माणसाबद्दल काही खाजगी लिहिलेलं असेल तर त्या ओळी झाकून दाखवा.